ओवीचं वजन

पंचवटी, नाशिक
२३ नोव्हेंबर

वेदूताई,

सात महिन्यांनीच मोठी आहेस, तरी ताई लिहिलंय. एवढी ओळ मावशीला दाखव आणि खूश हो. पुढचं मात्र कुणाला दाखवू नकोस. हे फोनवर सांगता येत नाही. इथं कुसाआत्याच्या घरी ती फोन स्पीकरवर ठेवूनच बोलते, आणि तुमच्याकडे काकांचा फोन म्हणजे अख्ख्या गल्लीचा फोन.

मी नाशिकला शिकायला आले ते देवळ्याची शाळा आवडत नव्हती म्हणून नाही. आईनं तुम्हाला तसं सांगितलं असेल. खरी गोष्ट कांद्याच्या लिलावाच्या दिवशी घडली. बाबांनी मला पहिल्यांदाच बाजार समितीत नेलं होतं. मी ट्रॉलीवर, कांद्यांच्या ढिगावर बसले होते आणि आनंदानं मला काही सुचत नव्हतं. ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढला आणि भरलेल्या ट्रॉलीचं वजन रिकाम्या ट्रॉलीपेक्षा कमी भरलं. बाबा ओरडले, "काटा बिघडेल हाय तुमचा!" काट्यावरचा माणूस म्हणाला की काटा ठीक आहे, तुमचे कांदेच पोकळ आहेत. दोघांची अशी जुंपली की मी घाबरून खाली उडी मारली. त्याबरोबर ट्रॉली धप्पकन बसली आणि मागचं टायर फुटलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तर अशी माझी खोड आहे. मला आनंद झाला की मी हलकी होते, आणि मी ज्याला टेकलेली असेन तेही हलकं होतं. शाळेत बाक तरंगले, खडूचे डबे तरंगले, एकदा मुख्याध्यापकही थोडेसे तरंगले. ते म्हणाले, खोड गेली की परत या.

इथल्या शाळेत सातवी ड नावाचा वर्ग आहे. त्यात आमच्यासारखी मुलं घेतात. लतिकाबाई शिकवतात. आम्ही चौघंच आहोत. आभा ज्या गोष्टीचा विचार करते तिचा वास वर्गभर पसरतो. काल दुसऱ्या तासाला मिसळीचा वास सुटला आणि शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. तनय बोलतो ते लगेच ऐकू येत नाही, कधीतरी मागाहून येतं. गणिताच्या तासाला दिलेलं उत्तर इतिहासाच्या तासाला आलं तर बाई तरी काय करणार? देवव्रतला कंटाळा आला की त्याची सावली उठून फिरायला जाते. त्याचे वडील रामकुंडावर पूजा सांगतात. एकदा यात्रेकरूंच्या देखत त्याची सावली एकटीच आंघोळीला उतरली. तेव्हापासून त्याला तिकडे जायची बंदी आहे.

मला इथं इतकं आवडतंय! पण एक अट आहे. संस्थेचे अध्यक्ष रंगनाथराव यांना हा वर्ग धोक्याचा वाटतो. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी ते पालकांसह येऊन बसणार आहेत. पूर्ण तासभर आमच्यापैकी कुणाच्याही हातून काही विचित्र घडलं नाही तर वर्ग चालू राहील. घडलं तर वर्ग बंद आणि आम्ही आपापल्या घरी. देवळ्यातली शाळा मला घेणार नाही. वेदू, आमच्या घरात सातवीच्या पुढे कुठलीच मुलगी गेलेली नाही. मला जायचंय.

तुझी,
ओवी


येवला
३० नोव्हेंबर

ओवे,

पत्र वाचून मी जिन्यातच बसले. आई म्हणाली, काय गं, नापास झाली का ती? मी म्हटलं, नाही, मजेत आहे.

तू उडतेस! आणि मला कळवलंस ते आता! दिवाळीत आपण एका गादीवर झोपलो होतो, तेव्हा गादी तरंगली असणार. मला वाटलं, फराळ जास्त झाला म्हणून तसं वाटतंय.

मला अशी कुठली खोड नाही, देवाची कृपा. मी आपली साधी मुलगी आहे. शाळेतून आले की बाबांच्या हातमागासाठी रेशमाच्या कांड्या भरते. सध्या मोराच्या पदराचं काम चालू आहे, रेशमाचे इतके रंग की दोरे गुंतले तर बाबा बोलत नाहीत, नुसतं बघतात. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट. कांड्या झाल्या की गच्चीवर. इथं संक्रांतीची तयारी आत्तापासून सुरू आहे. आसाऱ्यांना तेलपाणी चाललंय. तुम्ही फिरकी म्हणता ती, पण आमची आसारी चांगली हातभर असते. शेजारचे नाथाकाका यंदा आमचे पतंग कापणार म्हणून गल्लीभर सांगत फिरतायत. त्यांनी पाण्याच्या टाकीमागे मोठाले पतंग लपवलेत, वरून स्वच्छ दिसतात.

मला चष्मा लागला. गच्चीवर दोनदा धडपडले म्हणून बाबांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नंबर तर काही दिसत नाही. तरी आईच्या समाधानासाठी काच दिली.

तुझ्या त्या तासाचं काय करणार आहेस ते कळव. तुला बाहेर काढलं तर मी रंगनाथरावांच्या घरावर येऊन पतंग उडवीन आणि त्यांच्या टीव्हीची तार कापीन.

तुझी ताई (लिहिलंस ते लिहिलंस, आता मागे घ्यायचं नाही),
वेदिका


पंचवटी
१२ डिसेंबर

वेदू,

मला उपाय सापडला आहे. आनंद झाला की मी हलकी होते, म्हणून मी आनंदच होऊ देत नाही. उठल्याबरोबर एखादी दुःखाची गोष्ट आठवायची आणि दिवसभर धरून ठेवायची. आमची कपिली गाय गेली ती. आजोबा आजारी होते ते. काही नसलं तर बाबांचा बाजारातला चेहरा आठवायचा. गेल्या आठवड्यापासून माझे पाय जमिनीवरून जरासुद्धा सुटलेले नाहीत.

मी सगळ्यांना शिकवलं. आभा आता फक्त पाण्याचा विचार करते. तनय दिवसभर तोंड मिटून बसतो. देवव्रतला आम्ही चारही बाजूंनी दिवे लावून मधे बसवतो म्हणजे सावलीच पडत नाही. वर्ग इतका शांत असतो की शिपाईमामा म्हणाले, सुट्टी आहे का आज? लतिकाबाई मात्र खूश दिसत नाहीत. काल मला म्हणाल्या, ओवी, तू आल्यावर वर्गात जे वारं आलं होतं ते कुठं गेलं? मी म्हटलं, बाई, वर्ग वाचवायचाय ना.

बाकी इथं बारीकसारीक कटकटी चालू आहेत. माझा पलंग मोडला, जुना असेल. रिक्षावाले बारकूकाका मला शाळेत सोडतात, त्यांचं चाक गेल्या चार दिवसांत दोनदा बसलं. जिन्याची एक फरशी माझ्या पायाखाली तडकली. आत्या म्हणते, नाशिकचं पाणी तुला मानवलं, अंग धरलंस.

तुझ्या पत्रानं हसू आलं असतं, पण मी वाचताना कपिलीची आठवण काढली. आणि टाकीमागचं तुला कसं दिसलं? नाथाकाकांची गच्ची तुमच्यापेक्षा उंच आहे. नेहमीच्या थापा.

ओवी


येवला
१७ डिसेंबर

ओवी,

पत्र दोनदा वाचलं. तुझा पलंग जुना नव्हता. कुसाआत्यानं तो तू येणार म्हणून गणपतीनंतर घेतला. माझ्या आईला फोनवर स्वतः सांगितलं होतं, स्पीकरवर.

तू जड होते आहेस, वेडे. खोड गेलेली नाही. आधी ती तुला वर न्यायची, आता खाली नेते आहे. अशीच राहिलीस तर त्या तासाला तू बाकासकट जमिनीत जाशील, आणि ते रंगनाथरावांना विचित्र वाटणार नाही असं तुला वाटतं का?

मला हे कसं कळतं ते सांगते. आधी शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस. घेतलीस? मी तुला खोटं लिहिलं होतं. मलाही आहे.

पतंग वर गेला आणि दोरा माझ्या हातात असला की मला पतंगाच्या जागेवरून दिसायला लागतं. हात, पाय, गच्ची सगळं इथंच, पण डोळे वर. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, मी पडले. गल्ल्या, पत्रे, माग असलेल्या घरांच्या खिडक्या, बाजारातल्या ट्रॅक्टरांची रांग, सगळं एकदम. आणि गच्चीवर एक मुलगी तोंड वर करून उभी, ती मीच! म्हणून मी धडपडते. समोरचा कठडा दिसतच नाही. चष्म्याचा काय उपयोग होणार?

कुणाला सांगितलं नाही, आणि तुझं काय झालं ते पत्रात वाचल्यावर तर नाहीच. घरच्यांनी लपवलं तरी गावाला कुणकुण लागतेच. लोक बाबांना म्हणतील, पोरीला गच्चीवर सोडू नका. पतंग बंद, म्हणजे डोळे बंद.

महिनाभर मीही तुझ्यासारखंच केलं. वर दिसायला लागलं की दोरा खेचून पतंग खाली. डोकं इतकं दुखायचं की भाकरी नको व्हायची. मग एक दिवस वारा जोराचा होता आणि खेचता येईना. नुसतं खेचलं असतं तर दोरा तुटला असता. नुसती ढील दिली असती तर पतंग कुठल्या कुठे गेला असता. मी थोडी ढील दिली, थोडं खेचलं, पुन्हा ढील. आणि मला दोन्हीकडचं दिसायला लागलं, वरचंही आणि कठडाही. अजून दर वेळी जमत नाही, पण जमतं.

तू नुसतीच खेचते आहेस. हास जरा. आधी घरात, दार लावून.

तो वर्ग चालू राहिला तर मी बाबांना सांगेन. बंद झाला तर कधीच सांगणार नाही. आता तुझ्या तासावर माझंही अवलंबून आहे. घाबरवत नाही, पण आहे.

वेदिका


पंचवटी
२२ डिसेंबर

वेदू, वेदू, वेदू!

तूपण! मी पत्र वाचलं आणि आत्याच्या दुकानात छताला डोकं आपटलं. साबणाचं खोकं हातात होतं, तेही माझ्याबरोबर वर. आत्यानं सगळं पाहिलं. मला वाटलं, आता घरी पाठवणार. तर ती म्हणाली, वर गेलीच आहेस तर त्या जळमटांवरून हात फिरव.

तुझं खरं निघालं. आत्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभी राहिले आणि कपिलीची आठवण काढली. माझं वजन तांदळाच्या दोन पोत्यांएवढं भरलं. बारकूकाकांची मी माफी मागितली. ते म्हणाले, मला वाटलं दप्तर जड आहे, पेपरात येतं ना तसं.

आता रोज संध्याकाळी दुकान रिकामं असलं की मी काट्यावर उभी राहते. आत्या आकडा वाचते आणि मी काहीतरी आठवते. तुझी आठवण काढली की आकडा सरसर उतरतो. भूगोलाचं पुस्तक आठवलं की जागच्या जागी थांबतो. खूप हलकं झाल्यावर परत यायचं मात्र नीट जमत नाही. त्यासाठी दुःखच लागतं, आणि ते लागलं की मी दाणकन खाली येते. काटा एकदा थुईथुई नाचला.

बाकीच्यांनाही सांगितलंय. देवव्रतनं दिवे काढले. सावलीला म्हणाला, मधल्या सुट्टीत जा, तासाला ये. पहिल्या दिवशी ती आलीच नाही. आज आली, उशिरा, पण आली. तनय बोलायला लागला, आणि आम्ही त्याच्या बोलण्याची वाट बघायला शिकलो. आभानं आज मोगऱ्याचा विचार केला. मधेच तिला शेव आठवली, पण ती परत मोगऱ्यावर आली.

वेदू, आम्ही तो तास जिंकणार!

ओवी


पंचवटी
१० जानेवारी, शनिवार

वेदू,

आत्ताच सगळं लिहिते, नाहीतर मी तरंगायला लागेन आणि अक्षर बिघडेल.

हॉल भरला होता. रंगनाथराव पहिल्या रांगेत, कडक इस्त्री, काळ्याभोर मिशा. माझे आईबाबा देवळ्याहून पहाटेच्या गाडीनं आले होते. लतिकाबाईंनी भूमिती घेतली. अर्धा तास सगळं सुरळीत. सावली जागेवर, वास नाही, मी बाकावर. बाई फळ्यावर त्रिकोण काढत होत्या, हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तेवढ्यात तनयचा आवाज आला. त्याचं तोंड बंद होतं. सकाळी व्हरांड्यात तो देवव्रतला बोलला होता, तेच वाक्य आत्ता पोचलं.

"ते बघ, मिशांना कलप लावून आलेत."

 झालं, आता आभाच्या डोक्यात कलपच! सगळ्या हॉलभर कलपाचा वास. देवव्रतची सावली उठली, पहिल्या रांगेपर्यंत गेली आणि वाकून मिशा बघायला लागली. पहिले हसले ते माझे बाबा. मग आत्या. मग मी. वेदू, माझ्याच्यानं आवरलं नाही. बाक माझ्यासकट आणि आभासकट वर गेला, खिडकीच्या वरच्या गजापर्यंत. मी भूगोलाचं पुस्तक आठवलं, थांबले. सांभाळून, दुःखाला थोडंसंच हात लावून बाक खाली आणला. आभाला धक्कासुद्धा बसला नाही.

पण अट मोडली होती. रंगनाथराव उभे राहिले. ते रागावलेले नव्हते, हे मला जवळून दिसलं. ते पुन्हा पुन्हा छताकडे बघत होते. ते म्हणाले की ठरलं होतं ते ठरलं होतं, वर्ग बंद करावा लागेल, आणि इथं निदान वर छत आहे. उघड्यावर ही मुलगी अशी गेली तर तिला खाली कोण आणणार?

मी उभी राहिले. बाईंनी मला खूण केली नव्हती, तरी.

"सर, मी आणणार. बाहेर चला, दाखवते."

बाहेर, वेदू! मी उघड्यावर कधीच उडाले नव्हते. आईनं माझा हात धरला आणि मग सोडला. मी मैदानाच्या मधोमध उभी राहिले आणि फक्त एवढंच मनात आणलं की मला इथं शिकायचंय. लगेच पाय सुटले. कडुनिंब खाली गेला. शाळेच्या पत्र्यावर हरवलेले चेंडू आणि एक चप्पल. मग गोदावरी दिसली, घाट, पूल, पुलावरच्या इवल्या रिक्षा. आजूबाजूला लोकांचे पतंग. तू हेच बघत असशील, नाही? मी तुझ्यासारखी बघतेय असं वाटलं आणि आणखी वर गेले.

मग वाऱ्यानं मला नदीकडे लोटलं. आता उतरायला हवं होतं. कपिलीची आठवण काढली, तर ती मला मजेत चरताना दिसली. आजोबा आठवले, ते हसत होते. बाजारातला बाबांचा चेहरा आठवला, आणि खाली खरे बाबा दिसले, दोन्ही हात पसरून मैदानभर पळत होते. मला एकही दुःख आठवेना, वेदू! इतकी मी आनंदात होते. तेव्हा मात्र खरी भीती वाटली.

नुसतं खेचायचं नाही, असं तू लिहिलं होतंस. मग मी दुःखाचा नाद सोडला आणि वजन कशाकशाला असतं ते आठवायला लागले. घरी असले की आई रविवारी माझ्या डोक्याला तेल लावते. शेवटी दोन्ही तळवे डोक्यावर ठेवून दाबते आणि थोडा वेळ तशीच राहते. ते किती जड असतं, आणि किती छान असतं! तेवढंच आठवलं. मी उतरायला लागले. सावकाश, सरळ. कडुनिंबाशी मुद्दाम थांबले, पुन्हा थोडी वर गेले, पुन्हा उतरले, आणि रंगनाथरावांच्या समोर येऊन उभी राहिले.

बाबा धापा टाकत आले आणि म्हणाले, "येवढं लांब जायचं व्हतं तं सांगून जायचं ना."  आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

रंगनाथरावांनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. लतिकाबाईंना त्यांनी विचारलं की बाकीच्या तिघांनाही असं परत येता येतं का. बाई म्हणाल्या, शिकतायत. त्यांनी एकदा कडुनिंबाच्या शेंड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "वर्ग चालू राहील. उडायचं ते फक्त पीटीच्या तासाला. आणि त्या मुलीला सांगा, आता कलपाचा विचार पुरे."

चालू राहील, वेदू! मी आठवीत जाणार! संक्रांतीला सुट्टी आहे, मी सकाळच्या एसटीनं येवल्याला येतेय. तू कबूल केलं होतंस ते केलंस का?

ओवी


येवला
१४ जानेवारी, संक्रांत

ओवी,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तू उतरलीस की हातात देईन.

केलं. काल तुझं पत्र आलं आणि मी तडक मागावर बसलेल्या बाबांसमोर जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं, एका दमात. बाबांचे हात थांबले. मोराची मान अर्धी विणून तशीच राहिली. आई चुलीपासून उठून दारात आली. बाबा कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले, ते त्यांचं वाईट बघणं. मग म्हणाले, "चल वर."

गच्चीवर आम्ही पतंग सोडला. बाबांनी विचारलं, काय दिसतं? मी सांगत गेले. बाजारतळ, तिकडची शेतं, नाथाकाका मांजा सुकवतायत. बाबा म्हणाले, आपल्या पत्र्याचं बघ, पावसाळ्यात कुठून गळतो ते गेली दोन वर्षं कळत नाही. मी बघितलं. धुराड्याच्या मागे चीर आहे. बाबा वर चढले, बोट लावून बघितलं आणि तिथंच बसून राहिले. खाली उतरल्यावर आईला म्हणाले, जूनमध्ये हिला नाशिकला न्यायचं, त्या बाईंना आधी भेटून येऊ. आई रडत रडतच तिळाचे लाडू करायला बसली, त्यामुळे ते थोडे खारट असतील.

आत्ता मी गच्चीवरूनच लिहितेय. गच्च्यांवर हलकडीची वाद्यं वाजतायत, वरचं आभाळ पतंगांनी भरलंय, नाथाकाकांचा एक मी कापला आहे. दोरा डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळलाय आणि उजव्या हातानं लिहितेय, म्हणून ओळी तिरक्या. दोन्हीकडचं दिसतंय, कागदही आणि विंचूरचा रस्ताही.

रस्त्यावर एसट्या येतायत. पहिली खड्ड्यात आदळली. दुसरीही आदळली, टपावरच्या टोपल्या उडाल्या. त्यांच्या मागे तिसरी येतेय, लाल, आणि ती कुठेच आदळत नाही. खड्ड्यांवरून अशी सरळ येतेय की तिची चाकं नुसतीच फिरतायत. खाली सावली आणि चाकं यांच्यात चांगला हातभर उजेड आहे.

ओवे, उतर आता खाली. ड्रायव्हर ब्रेक दाबतोय आणि बस थांबत नाहीये. स्टँड आलं.